सोऱ्याचं त्रैराशिक : असीरगडच्या वेढ्यातला अबुल फजल आणि बादशहाचं थंड पाणी

बऱ्हाणपूर : असीरगड म्हटलं की अकबराचं नाव निघतं, फार तर बहादूरशाह फारुकीचं. पण त्या वेढ्यात मोर्चे सांभाळणाऱ्यांत एक जण असा होता, ज्याचा हात तलवारीपेक्षा लेखणीवर जास्त बसलेला. शेख अबुल फजल. 'अकबरनामा' आणि 'आईन-ए-अकबरी' लिहिणारा. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल या दोन्ही गोष्टी त्याने आईनमध्ये नोंदवून ठेवल्या आहेत. चारशे वर्षांनंतरही त्या नोंदीत फार दुरुस्ती करावी लागणार नाही, हे इथल्या रस्त्यांवरून जाणारा कुणीही सांगेल.

त्याच आईनमध्ये बादशहाचं पिण्याचं पाणी गार कसं करायचं, याची एक कृती आहे. सोरा किती, पाणी किती, भांडं कसलं, किती वेळ फिरवायचं, हे सगळं वजनमापासकट. पाण्यात काही विरघळलं की त्याचं तापमान कसं उतरतं आणि ते गोठण्याचा बिंदू किती खाली जातो, हे आज कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. अबुल फजलला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण त्याने आकडे लिहून ठेवले, म्हणून आज त्या कृतीचा हिशोब तपासता येतो.

अबुल फजलचा जन्म १४ जानेवारी १५५१ चा, आग्र्याचा. बाप शेख मुबारक मूळचा नागौरचा, मोठा विद्वान, पण दरबारी मौलवींशी त्याचं कधी जमलं नाही. धर्माच्या बाबतीत हा माणूस सरळ चालत नाही असा ठपका त्याच्यावर आला आणि मुलांना घेऊन लपतछपत फिरण्याची वेळ आली. ते दिवस अबुल फजल पुढे कधी विसरला नाही. थोरला भाऊ फैजी कवी म्हणून आधी दरबारात शिरला. १५७४ मध्ये अबुल फजलही बादशहासमोर उभा राहिला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी फतेहपूर सिक्रीत इबादतखाना सुरू झाला आणि तिथल्या वादविवादांत या पोराने भल्याभल्या मौलवींची बोलती बंद केली. ज्यांनी बापाला छळलं होतं, त्यांचं वजन दरबारात उतरत गेलं आणि मुलाचं चढत गेलं.

फैजीची एक गोष्ट खानदेशातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चं फारसी भाषांतर १५८७ मध्ये त्याने केलं. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. म्हणजे खानदेशात ज्याचे पाठ चालायचे ते गणित फैजीच्या हातून मोगल दरबारात पोहोचलं. पुढे १५९१ मध्ये फैजी स्वतः बादशहाचा वकील म्हणून बऱ्हाणपूरला आला, राजा अली खान फारुकीच्या भेटीला. इथली जामा मशीद बांधणारा तो हाच सुलतान. संस्कृत शिलालेख असलेली ही मशीद तेव्हा अगदी नवी होती.

वजनमापाचा माणूस

अबुल फजलचं खरं काम मात्र आईन. राज्यकारभाराची एवढी मोठी खतावणी त्याआधी आपल्याकडे कुणी लिहिली नव्हती. गहू मणाला १२ दाम, मजुराची रोजची मजुरी कमीत कमी २ दाम, तंबूला कापड किती, हत्तीला खुराक किती, कुठल्या सुभ्याचा वसूल किती. जो माणूस बादशहाला जवळजवळ देवत्व देतो, तोच पुढच्या पानावर कांद्याचा भाव लिहितो. स्तुतीची पानं आज कुणी वाचत नाही. भावाची पानं मात्र अर्थशास्त्राचे अभ्यासक अजून उलगडून बसतात.

आबदारखान्याचं, म्हणजे पाण्याच्या खात्याचं प्रकरण त्याच थाटात लिहिलेलं आहे. अकबर घरी असो की स्वारीवर, पिण्यासाठी गंगेचंच पाणी. मुक्काम आग्र्याकडे असला तर सोरोंहून यायचं, पंजाबात असला तर हरिद्वारहून. स्वयंपाकाला पावसाचं नाहीतर यमुना-चिनाबचं पाणी चालायचं, त्यात थोडं गंगाजल मिसळून. मग येतो सोरा. तोफेच्या दारूत आग पेटवणारा हाच पदार्थ पाण्याला गारवा देतो, याचं अबुल फजलला अप्रूप वाटलेलं दिसतं. खारट माती छिद्राच्या भांड्यात भरायची, वरून पाणी ओतायचं, खाली ठिबकेल ते आटवायचं, निवळून घ्यायचं, की सोऱ्याचे खडे तयार.

कृती अशी. कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत एक सेर पाणी भरून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच सेर पाणी आणि अडीच सेर सोरा टाकायचा. त्या द्रावणात सुरई पाव तास फिरवत राहायची. आतलं पाणी गार.

अकबरी सेर ३० दाम वजनाचा, म्हणजे आजचे साधारण ६३० ग्रॅम. त्या हिशोबाने तीन किलोच्या वर पाण्यात दीड किलोच्या वर सोरा, आणि गार काय होणार तर जेमतेम दोन तांबे पाणी. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण आकड्यांकडे नीट पाहिलं की त्यात मेख दिसते. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. ती उष्णता त्याला बाहेरच्या पाण्यातून आणि सुरईतल्या पाण्यातून मिळते, म्हणून दोन्ही गार होतात. १०० ग्रॅम पाण्यात ३० अंशांना ४५ ग्रॅमच्या आसपास सोरा विरघळतो, ४० अंशांना ६० च्या वर. अबुल फजलचं प्रमाण पडतं १०० ला ५०. उन्हाळ्यातलं कोमट पाणी सुरुवातीला जेवढा सोरा पेलू शकतं, जवळपास तेवढाच. इतकं नेमकं प्रमाण अंदाजपंचे सापडत नाही. आबदारखान्यातल्या कुणीतरी कमी-जास्त करून पाहिलं असणार. ज्याने पाहिलं त्याचं नाव राहिलं नाही, माप राहिलं.

मात्र पाणी जसजसं गार होतं, तसतशी त्याची सोरा विरघळवण्याची ताकद कमी होते. २० अंशांवर आलं की १०० ग्रॅममध्ये ३२ च्या आतबाहेर, शून्याला तर फक्त १३. म्हणजे पाच सेर पाण्यात दीड-पावणेदोन सेर सोरा विरघळला की काम थांबतं, उरलेला तळाशी बसतो. कागदावर हिशोब केला तर ३५ अंशांचं पाणी १५ ते २० अंशांनी उतरायला हवं. भर उन्हात भांडं बाहेरूनही तापतं, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमी. घशाला गार लागेल एवढं नक्की. बर्फ मात्र नाही.

खर्चाचं बघू. आईनमध्ये सोऱ्याचा भाव रुपयाला पाऊण मणापासून चार मणांपर्यंत दिला आहे. पाऊण मण म्हणजे तीस सेर, त्यात ही कृती बारा वेळा होणार. रुपयाचे चाळीस दाम. म्हणजे महागाईत एक सेर गार पाण्याला सव्वातीन दामांच्या वर खर्च, मजुराची दीड दिवसाची कमाई. स्वस्ताईत तेच पाणी पाऊण दामाच्या आत. शिवाय सोरा कुठे जात नाही. पाणी आटवलं की पुन्हा हाती येतो. लाकूडफाटा आणि माणसं फुकट असतील तर धंदा तोट्याचा नाही, आणि बादशहाकडे दोन्हींची कमी नव्हती.

बर्फ का होत नाही

सोरा आणखी टाकला तर पाणी गोठेल का? नाही. इथे दुसरा नियम आडवा येतो, आणि आजही बरेच लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. विरघळताना गारवा येणं ही एक गोष्ट. विरघळलेल्या पदार्थामुळे द्रवाचा गोठणबिंदू खाली सरकणं ही दुसरी.

त्या दुसऱ्या गोष्टीचा हिशोब अबुल फजलनंतर जवळपास दोनशे वर्षांनी झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन याने १७८८ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात मीठ दुप्पट टाकलं तर गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली जातो. म्हणजे शुद्ध त्रैराशिक, लीलावतीत शिकवतात तेच. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रनोबलचे प्राध्यापक राऊल्ट यांनी वेगवेगळे पदार्थ घेऊन मोजमाप केलं, तेव्हा दिसलं की प्रश्न पदार्थाच्या वजनाचा नाही, कणांच्या संख्येचा आहे. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळली की गोठणबिंदू १.८६ अंश खाली जातो. अर्धी साखर, अर्धी घट. मिठाचे मात्र ५८.५ ग्रॅमच पुरे. तेवढ्यात साखरेइतकेच कण असतात, आणि पाण्यात प्रत्येकाचे दोन तुकडे होतात, म्हणून कागदावर घट दुप्पट, ३.७२ अंश. प्रत्यक्षात साडेतीनच्या जरा खाली भरते, कारण हे तुकडे एकमेकांना ओढून धरतात, पुरते मोकळे होत नाहीत.

सोऱ्याचं तसंच. १०१ ग्रॅम सोरा एक किलो पाण्यात टाकला तर कागदावर ३.७२, पण प्रत्यक्षात तीनच्याही आत. आणि शून्याच्या आसपास सोरा फारसा विरघळतच नाही, त्यामुळे कितीही ओता, गोठणबिंदू उणे तीनच्या आसपास येऊन थांबतो. मिठाचं तसं नाही. तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ कालवलं तर मिश्रण उणे २१ पर्यंत उतरू शकतं. कुल्फीवाला मडक्यात बर्फासोबत खडे मीठ टाकतो तो याच कारणाने. दुधात साखर विरघळलेली असते, ते शून्याच्या काही अंश खाली गेल्याशिवाय घट्ट होत नाही, आणि नुसता बर्फ शून्याखाली जात नाही. मोगलांचा सोरा कुल्फीला पुरला नसता. गरम पाण्याला गार करायला तो पुरा होता.

म्हणूनच १५८६ च्या सुमाराला दरबार पंजाबात गेला, तेव्हापासून डोंगरातला बर्फ मागवायला सुरुवात झाली. तो लाहोरपासून ४५ कोसांवरून होडीने, गाडीने, माणसांच्या डोक्यावरून यायचा, आणि वाटेत किती वितळतो याचीही नोंद अबुल फजलने ठेवली. पण बऱ्हाणपूर हिमालयापासून कुठच्या कुठे. १६०० सालच्या वसंतात अकबर इथे येऊन तापीकाठी बसला आणि सुमारे वर्षभर राहिला, तेव्हा बर्फ इथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. बादशहाच्या सुरया इथे सोऱ्यातच फिरल्या असतील, असं धरायला जागा आहे. आणि गडावर डागायच्या तोफांच्या दारूतही तोच सोरा होता.

दख्खनची वाट

अबुल फजल इथे आला तो स्वतःच्या मर्जीने नव्हे. दरबारात त्याचं वजन फार वाढलंय असं वाटणारे बरेच होते, त्यात शहजादा सलीम पहिला. १५९९ च्या सुरुवातीला त्याला दक्षिणेत पाठवलं गेलं. काम होतं शहजादा मुरादला परत आणायचं. मुराद वऱ्हाडात बाळापूरजवळ शहापूर वसवून राहिलेला, आणि दारूने पोखरलेला. अबुल फजल पूर्णाकाठच्या छावणीत पोहोचला आणि त्याच सुमारास, मे १५९९ मध्ये, मुराद वारला. फौज बिथरली होती, पगार थकलेले, सरदार पांगायला लागलेले. वर्षानुवर्षं कागदावर राज्य चालवणाऱ्या या माणसाने ती फौज सावरली. इथे त्याच्या आयुष्याला वेगळंच वळण लागलं.

खानदेशात राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढता लढता १५९७ मध्ये पडला होता. त्याच्या जागी आलेला बहादूर कधी हो म्हणायचा, कधी नाही. त्याने अबुल फजलला भेटी पाठवल्या, त्या परत गेल्या. भेट घ्यायची तर त्याच्या काही अटी होत्या, आणि बादशहाने दिलेलं एवढं आहे की आणखी कशाची गरज उरलेली नाही, असा त्याचा निरोप होता. एरवी हा माणूस खाण्यापिण्यात हात आखडणारा नव्हता. तो दिवसाला बावीस सेर खायचा असं नंतरच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. जेवताना मुलगा अब्दुर रहमान शेजारी उभा असायचा. ज्या ताटाला बापाचा हात दुसऱ्यांदा लागला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायचं. काही बिघडलं असेल तर अबुल फजल तोंडाने बोलायचा नाही, नुसतं मुलाला चाखायला द्यायचा. दख्खनच्या छावणीत सरदारांसाठी मोठ्या तंबूत ताटं मांडली जायची आणि शेजारी दिवसभर खिचडी शिजत राहायची. येईल त्याला वाढायची, नाव-गाव न विचारता.

असीरगडचा वेढा लांबला. बऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवरचा हा गड सरळ हल्ल्याने पडणारा नव्हता. १६०० च्या अखेरीस बाहेरचा मालीगड रात्री चढून घेतला, त्यात अबुल फजल स्वतः दोर धरून चढला. वय पन्नाशीला टेकलेलं. १७ जानेवारी १६०१ ला असीरगड मोगलांच्या ताब्यात आला. कसा आला, यावर मात्र एकमत नाही. गडावर रोगराई पसरली म्हणून माणसं खचली, असं अबुल फजल सांगतो. बहादूरला बोलणीच्या नावाखाली खाली बोलावून अडकवलं आणि आतल्या लोकांना सोनं चारलं, असं जेझुइट पाद्र्यांच्या कागदांत आहे. सोऱ्याचं वजन लिहिताना अबुल फजलला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. इथे होतं. आईनमधला अबुल फजल आणि अकबरनाम्यातला अबुल फजल एकाच तराजूत घालू नये तो यासाठी.

गड पडल्यावर अकबर उत्तरेला गेला, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, खानदेशचं नाव शहजादा दानियालवरून दानदेश झालं. अबुल फजल मात्र दक्षिणेतच राहिला, अहमदनगर आणि नाशिकच्या मुलखात, मलिक अंबर आणि राजूच्या मागे. मनसब पाच हजारीपर्यंत चढली. फैजी तर १५९५ मध्येच गेला होता.

तिकडे अलाहाबादेत सलीमने बंड मांडलं. अकबराने १६०२ मध्ये अबुल फजलला तातडीने बोलावलं, फौज मुलाकडे सोपवून निघून ये म्हणून. तो थोड्याच माणसांनिशी निघाला. आपल्याबद्दल हा बादशहाचे कान भरणार, याची सलीमला खात्री होती. त्याने ओरछाच्या वीरसिंह बुंदेल्याला वाटेत गाठायला सांगितलं. अबुल फजलला उज्जैनपासून सूचना मिळत होत्या. वाट बदल म्हणून सांगणारे होते. शेवटच्या दिवशीही जवळच आंतरीला बादशाही फौज आहे, तिकडे निघू या, असं त्याच्या जुन्या नोकराने विनवलं. तो हटला नाही. १२ ऑगस्ट १६०२ ला ग्वाल्हेरच्या अलीकडे त्याला गाठून मारलं गेलं. शीर अलाहाबादला सलीमकडे गेलं. अकबर कित्येक दिवस दरबारात बसला नाही.

तीन वर्षांनी सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला. हे काम आपणच करवलं, हे त्याने आपल्या आठवणींत उघड लिहिलं आणि वीरसिंहाला मोठं केलं. अबुल फजलच्या मुलालाही त्याने दूर लोटलं नाही. अब्दुर रहमान बिहारचा सुभेदार झाला आणि १६१३ मध्ये वारला.

अबुल फजलचं धड आंतरीलाच पुरलं गेलं. बऱ्हाणपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या झाशी सोडून ग्वाल्हेरकडे निघाल्या की डबऱ्यानंतर आंतरी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. कबर त्याच गावात आहे.